ओल्या फडक्याने सुरू होणारी गाडी

गाडी १९७२ सालची, चार सिलिंडरची, दीड लिटर इंजिनाची. एकच कार्बोरेटर, इंजिनाच्या अंगाला बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडायची जुनी पद्धत: पॉइंट नावाचा यांत्रिक स्विच कॉइलचा करंट जोडतो-तोडतो, तोडताना कॉइल ठिणगी देते, आणि पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो. थंडी-पावसाळ्यात तिची काही तक्रार नसायची. उन्हाळा लागला, पारा ३५ अंशांच्या वर गेला, की चाळीस-पन्नास मिनिटं चालल्यावर ती आधी मिसिंग करायची, मग धापा टाकायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

मालकांनी गाडीबरोबर निदानही आणलं होतं: वेपर लॉक. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ घुसळत बसतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. त्यांच्याकडे पुरावाही होता. डिकीत एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम असायची. गाडी बंद पडली की फडकं भिजवून पंपावर आणि नळीवर गुंडाळायचं, वीस-पंचवीस मिनिटांत गाडी सुरू. "फडक्याने सुरू होते, म्हणजे पेट्रोलच उकळतंय. आणखी काय हवं?"

या निदानावर चार उन्हाळे गेले होते. कार्बोरेटर दोनदा उघडून झाला. पंपाचा पडदा बदलला. टाकी काढून धुतली, फिल्टर बदलला, पेट्रोलच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. कोणीतरी सांगितलं म्हणून नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटेही लावले होते. चिमट्यांचा हा उपाय जगभर सांगितला जातो आणि माझ्या मते त्याने होत काहीच नाही. चिमूटभर लाकूड त्या नळीतली किती उष्णता ओढून घेणार? इग्निशनकडेही लक्ष गेलं होतं: कंडेन्सर दोनदा आणि कॉइल एकदा बदलली होती. नव्या कॉइलवर एक उन्हाळा बरा गेला, पुढच्या उन्हाळ्यात पहिले पाढे पंचावन्न. त्यावरून मालकांनी काढलेला निष्कर्ष असा की कॉइलचा दोष नाही, ती तर आपण बदललीच आहे.

बोलता बोलता त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. हा त्रास सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात गाडीचं पूर्ण वायरिंग नवीन करून घेतलं होतं. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि विसरून गेलो. ही माझी चूक. ती तिथेच पकडली असती तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

वेपर लॉक इतका पटतो का

कारण तो खरोखर होतो. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यातले हलके घटक ३०-३५ अंशांपासूनच उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. पाणी जसं १०० ला उकळतं तसा पेट्रोलचा एक आकडा नसतो. आजचं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी केलेलं आहे. तिथे पंप टाकीतच बुडालेला असतो आणि नळीत साधारण ३ बार दाब असतो, त्या दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही. जुन्या गाडीत पंप इंजिनावर बसतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढण्याच्या बाजूला दाब वातावरणापेक्षाही कमी, आणि दाब कमी झाला की उकळायला तापमानही कमी लागतं. पंपाच्या पुढचा दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर वाफ आणखी सहज होते. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण थोडं इथेनॉल पेट्रोलमध्ये गेलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, हे अनेकांना उलटं वाटतं.

या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बरोबर डोक्यावर कार्बोरेटर होता. म्हणजे संशयिताकडे कारण होतं आणि संधीही होती. पण तो घटनेच्या वेळी तिथे होता का, हे कोणीच पाहिलं नव्हतं. चार उन्हाळ्यांत झालेली प्रत्येक तपासणी गाडी घरी आल्यावर, गार झाल्यावर, सुरळीत चालत असताना झाली होती. चालू गाडीत बंद पडण्याचं कारण शोधणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं.

नऊ नोंदी

मी मालकांना एक वही करायला सांगितली. गाडी बंद पडली की लिहायचं: किती वेळ चालली होती, हवा कशी होती, बंद पडल्यावर काय केलं, किती वेळाने सुरू झाली. एक विनंतीही केली, जी त्यांना फारशी रुचली नाही: एकाआड एक वेळा फडकं लावू नका. नुसते थांबा.

उन्हाळा जोरात होता, त्यामुळे तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. फडकं लावलं तेव्हाच्या पाच: २०, २५, ३०, ५० आणि ५५ मिनिटं. न लावता नुसतं थांबले तेव्हाच्या चार: २०, २५, ३०, ५५.

फडक्याचं काम इथेच संपलं. ते भिजवायला, गुंडाळायला, वाट पाहायला जो वेळ जात होता तोच खरा उपाय होता. गरम झाल्यावर बिघडणारी कुठलीही वस्तू थांबल्यावर दुरुस्त होते, मग ती पंप असो, कॉइल असो, कंडेन्सर असो नाहीतर एखादी सैल जोडणी. "थांबलो की सुरू होते" एवढ्यावरून पेट्रोल आणि वीज यांतलं काही निवडता येत नाही.

पण या नोंदींत एक विचित्र गोष्ट होती. सहा वेळा गाडी अर्ध्या तासाच्या आत सुरू झाली आणि तीन वेळा तिने पाऊण तासाच्या वर वेळ खाल्ला. मधलं काही नाही. हवामान बघितलं, त्यात फरक नव्हता. किती वेळ चालली होती, त्यातही नाही. मालकांना विचारलं, त्या तीन वेळांत वेगळं काय होतं? आठवून आठवून ते म्हणाले, "घरची मंडळी बरोबर होती." मी हसलो आणि तेही विसरायच्या बेतात होतो. पण वही बघितली तर मंडळी एकूण चार वेळा बरोबर होती आणि त्यातल्या तीन वेळा उशीर झाला होता. हा धागा तात्पुरता बाजूला ठेवला, टाकला मात्र नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट सुटी झाली. मालक "उन्हात बंद पडते" म्हणत तेव्हा ते दोन तक्रारी एकत्र सांगत होते. एक, चालता चालता बंद पडणं. दुसरी, गाडी नीट चालत असताना आपण होऊन बंद केली, दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली, आणि मग सुरू करताना सेल्फ मारून मारून हात दुखला. दुसऱ्या प्रकारात सुरू होताना सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास. पहिल्यात वास नाही, धूर नाही. वेपर लॉकमध्ये पेट्रोल कमी पडतं. काळा धूर जास्त पेट्रोलचा. एकाच आजाराची ही दोन रूपं असणं अवघड होतं. मी दोन वेगळ्या पानांवर दोन प्रकरणं लिहिली आणि पहिलं आधी घेतलं.

दोरीने बांधलेली प्रयोगशाळा

बंद पडण्याच्या क्षणी साक्षीदार हवे होते. पेट्रोलच्या बाजूने एक: पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये टी-जोड घालून दाबाचा मीटर, तो समोरच्या काचेच्या बाहेरून चिकटवला. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणायची नाही, हा नियम मी मोडत नाही. विजेच्या बाजूने एक: टायमिंग लाइट. त्याची पकड कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणारा भाग) जाणाऱ्या मुख्य हायटेन्शन वायरवर लावली आणि दिवा आत, सीटजवळ. या वायरमधून प्रत्येक ठिणगीचा करंट जातो, म्हणजे ठिणगी आहे तोवर दिवा लुकलुकणार.

निघण्याआधी गार गाडीवरचे आकडे घेतले. पंपाचा दाब ०.२ बारच्या किंचित वर. मुख्य वायरची ठिणगी टेस्टरवर १० मिलिमीटरची फट सहज ओलांडत होती, निळी आणि टपोरी. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध १.६ ओम. हा आकडा मी लिहिला आणि त्याच्याकडेही नीट पाहिलं नाही. कॉइलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला, कारण चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं बोलतो.

दुपारी दोनला निघालो. हवा ३९ अंश. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास, मग मुद्दाम गर्दीतून. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला पहिला झटका आला. दिव्याची एकसारखी लुकलुक अडखळली, दोन-तीन ठिणग्या गाळल्या, पुन्हा लागली. दाबाचा काटा जागेवर. मिनिटभरात गाडीने मान टाकली. मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की क्लच दाबायचा नाही. गिअरमध्ये असल्यामुळे चाकं इंजिनाला फिरवत होती, इंजिन फिरतंय आणि दिवा मात्र काळाठिक्कर. काटा अजून ०.२ वर.

एवढ्यावर मी समाधानी नव्हतो. नळीत वाफ कोंडली असेल तर तीही दाब दाखवू शकते. गाडी कडेला घेऊन बोनेट उघडलं, एअर क्लीनर बाजूला केला आणि हाताने थ्रॉटल एकदाच ओढला. कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोलची स्वच्छ धार पडली. म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल होतं. टाकीचं झाकण उघडलं, हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज नाही. म्हणजे टाकीचा श्वासही मोकळा. या दोन गोष्टींना अर्धं मिनिट लागलं, आणि चार वर्षांचा संशयित निर्दोष सुटला. निदान या गुन्ह्यापुरता.

मग वीज. मुख्य वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून टेस्टरला लावली, फट ६ मिलिमीटर. सेल्फ मारला. कधीतरी एखादा लालसर धागा, बाकी काही नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि तिच्या आत फिरणारा रोटर या परीक्षेत नसतातच, कारण आपण त्यांच्या आधीच वायर काढून घेतली. उरले पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल. कॉइलच्या ऋण टोकाला टेस्ट लॅम्प लावून पुन्हा सेल्फ: दिवा नियमित उघडझाप करत होता. पॉइंट उघडतात आणि मिटतात, कंडेन्सर शॉर्ट नाही. आता कंडेन्सर आतून तुटला असेल तर? बरोबर आणलेला चांगला कंडेन्सर चिमट्यांनी समांतर जोडला. फरक शून्य.

शेवटी बरोबर आणलेली गार कॉइल. जुनी न काढता, फक्त तीन वायरी हलवून, नवी हातातल्या कापडावर धरली. सेल्फ मारताच १० मिलिमीटरवर निळी ठिणगी. वायर टोपीत घातली आणि गाडी अर्ध्या चकरेत सुरू झाली. बंद पडून सहा मिनिटं झाली होती. पंप तितकाच गरम, नळी तितकीच गरम, फडकं डिकीत कोरडं.

जुन्या कॉइलवरच्या काळ्या टेपचं तापमान ९८ अंश. हात लावायची सोय नव्हती.

बरोबर कॉइल, चुकीची वायर

मालक खूश. "म्हणजे कॉइलच. पुन्हा नवी टाकू." इथे मी हट्ट धरला. एक कॉइल दोन उन्हाळ्यांत गेली, तिच्या आधीचीही तशीच गेली असणार. तिसरीही जाईल. कॉइल मेली हे कळलं, तिला मारतंय कोण ते कळलं नव्हतं.

गरम कॉइलचा रोध मोजला: २.१ ओम. सकाळी १.६ होता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तार स्वतःच थर्मामीटर असते. हिशेब केला तर आतलं वेटोळं सरासरी ११० अंशांच्या आसपास. बोनेटखालची हवा ६५ अंश होती. हवेने ती इतकी तापवलेली नाही, ती स्वतःच तापत होती.

आणि मग सकाळचा तो १.६ डोळ्यांसमोर आला. पॉइंटच्या इग्निशनमध्ये १२ व्होल्टच्या कॉइली दोन जातींच्या असतात. एक साधारण ३ ओमची. तिला थेट १२ व्होल्ट द्यायचे. दुसरी साधारण १.५ ओमची, तिच्या वाटेवर आणखी तेवढाच रोध, म्हणजे बॅलास्ट, हवा. हा बॅलास्ट कधी चिनी मातीच्या ठोकळ्यात असतो, कधी वायरिंगमधली एक वायरच रोधक तारेची केलेली असते. फायदा सुरू करताना: सेल्फ चालू असताना सोलेनॉइडवरच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवरच्या) वेगळ्या टोकातून बॅलास्ट वळसा घालून टाळला जातो, त्यामुळे बॅटरीचे व्होल्ट पडले तरी कॉइलला भरपूर करंट मिळतो आणि थंडीत गाडी पटकन सुरू होते. सेल्फ सोडला की करंट पुन्हा बॅलास्टमधून.

या गाडीच्या सोलेनॉइडवर ते जादाचं टोक होतं. म्हणजे मूळ रचना बॅलास्टची, आणि १.६ ओमची कॉइल तिला बरोबर. मग पॉइंट मिटलेले असताना, चावी लावून, कॉइलच्या धन टोकावर ६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मीटर लावला: १२.०.

नव्या वायरिंगमध्ये रोधक वायरीच्या जागी साधी तांब्याची वायर आली होती. यात वायरिंग करणाऱ्याचा खोडसाळपणा नाही. ती वायर बाहेरून इतर वायरींसारखीच दिसते, आणि गाडी साध्या वायरीवर सुरू होते, उलट ठिणगी जास्तच जोरदार पडते. मालकांनी जुनं वायरिंग खोक्यात जपून ठेवलं होतं. जपून ठेवणाऱ्यांचं मी एरवी हसू करतो. त्या दिवशी केलं नाही. जुनी वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली: १.५ ओम. नवी: ०.१.

हिशेब सोपा आहे. बॅलास्ट असता तर १२ व्होल्टला एकूण ३.१ ओम, करंट ३.९ अँपिअर, आणि कॉइलमध्ये उष्णता सुमारे २४ वॅट. बॅलास्ट नाही तेव्हा करंट ७.५ अँपिअर आणि उष्णता ९० वॅट. पावणेचार पट. हे आकडे पॉइंट मिटलेले आणि इंजिन थांबलेलं असतानाचे. चालू इंजिनात पॉइंट सारखे उघडतात म्हणून प्रत्यक्षात कमी, पण प्रमाण तसंच वाईट. हिवाळ्यात बोनेटखालची गार हवा एवढी उष्णता कशीबशी वाहून नेते. उन्हाळ्यात, त्यातून गर्दीत, नाही. आतल्या दुय्यम, म्हणजे ठिणगी देणाऱ्या, वेटोळ्याची तार केसासारखी बारीक, वेटोळी हजारो. तापून तिचं इन्सुलेशन ढिलं पडलं की ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी कॉइलच्या पोटातच पडते. गार झाली की पुन्हा धरते, पण दर वेळी थोडी अधिक खंगून.

पॉइंटही त्याच करंटने जळले होते. फिरत्या कॅमवर घासणारी त्यांची ठेप झिजून पॉइंटची फट ०.४० मिलिमीटरऐवजी ०.२५ उरली होती. फट कमी म्हणजे पॉइंट जास्त वेळ मिटलेले, म्हणजे कॉइल आणखी तापणार. शिवाय पॉइंट उशिरा उघडतात, त्यामुळे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ५-६ अंश मागे गेलेलं. मागे पडलेल्या टायमिंगने एक्झॉस्ट जास्त तापतो आणि बोनेटखाली भट्टी. एका वायरीने लावलेली ही साखळी.

पंखा

आता तो बाजूला ठेवलेला धागा. घरची मंडळी बरोबर असली की गाडी उशिरा का सुरू व्हायची?

मी मालकांच्या जागेवर बसून बघितलं. डॅशबोर्डवर एक छोटा पंखा होता, नंतर कधीतरी बसवलेला, इग्निशनच्या चावीवर जोडलेला. मालक एकटे असले की गाडी बंद पडल्यावर चावी काढून उतरायचे आणि सावली शोधायचे. मंडळी असली की ती आत बसायची, चावी चालू, पंखा चालू. चावी चालू आणि पॉइंट मिटलेले, तर कॉइलमधून साडेसात अँपिअर वाहतच राहणार, इंजिन थांबलेलं असलं तरी. गार व्हायला ठेवलेली कॉइल शेगडीवरच होती. कंटाळून मंडळी खाली उतरली, पंखा बंद झाला, की तिथून पुढे अर्ध्या तासात गाडी सुरू.

मग चारपैकी एकदा पंखा चालू असूनही लवकर का सुरू झाली? चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक ९० अंशांपैकी साधारण ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. इंजिन कुठे थांबेल त्यावर नशीब. त्या एका वेळी ते पॉइंट उघडे असतानाच थांबलं असणार. हे मात्र माझं अनुमान. त्या दिवशी डिस्ट्रिब्युटर उघडून कोणी बघितलं नव्हतं.

मालकांची खात्री अजून पूर्ण पटली नव्हती. चार वर्षांची श्रद्धा एका दुपारी जात नाही. म्हणून पहाटे, गाडी रात्रभर उभी, इंजिन गार, पेट्रोल गार, हवा २६ अंश असताना जुनी कॉइल परत लावली. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणले आणि चावी चालू करून ठेवली. आत तेल भरलेली कॉइल अशी तापवत ठेवली तर फुटू शकते, म्हणून थर्मामीटर हातात, अग्निशामक पायाशी, आणि ९५ अंशांना चावी बंद करायची असं ठरवलेलं. सत्तावीस मिनिटं लागली. लगेच सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरलं, पकडलं नाही. गाडी बर्फासारखी गार, फक्त कॉइल गरम, आणि तोच आजार हुबेहूब. गार कॉइल जोडली, पहिल्या चकरेला सुरू.

मालक बराच वेळ फडक्याकडे बघत उभे होते.

दुरुस्ती, आणि दुसरं पान

दोन रस्ते होते. ३ ओमची कॉइल घालून साधी वायर तशीच ठेवायची, किंवा १.५ ओमची कॉइल ठेवून बॅलास्ट परत आणायचा. पहिला सोपा आणि त्यात काही चूक नाही. आम्ही दुसरा घेतला, कारण सोलेनॉइडवरचं टोक तयार होतं आणि मालकांना गाडी मूळ रचनेत हवी होती. चिनी मातीचा १.५ ओमचा बॅलास्ट फायरवॉलवर (इंजिन आणि आतली बैठक यांमधल्या भिंतीवर) पत्र्याला लावून बसवला, वायरींपासून दूर, कारण आता जवळपास २२ वॅट त्याच्यात जळणार. कॉइल नवी, पॉइंट नवे, फट ०.४०, टायमिंग पुन्हा लावलं. कॉइलच्या धन टोकावर पॉइंट मिटलेले असताना ६.२ व्होल्ट, सेल्फ मारताना साडेनऊच्या वर. पंख्याची वायर चावीवरून काढून वेगळ्या फ्यूजवर आणि स्वतःच्या बटणावर नेली.

राहिली दुसरी तक्रार, थोडं थांबल्यावर सुरू न होण्याची. तिला फार डोकं लागलं नाही. चालत्या गाडीत फ्लोट चेंबरचं तापमान ४८ अंश होतं. इंजिन बंद केल्यावर बारा मिनिटांनी ७४. इंजिन बंद झालं की रेडिएटरचा पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि मॅनिफोल्डची सगळी उष्णता वर चढते. एअर क्लीनर काढून गळ्यात टॉर्च मारली तर मुख्य नोझलमधून पेट्रोल बुडबुड्यांसह टपकत होतं. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडत होतं, म्हणून काळा धूर.

कार्बोरेटरच्या खाली मूळचा बेकेलाइटचा जाड तुकडा असतो, मॅनिफोल्डची उष्णता अडवायला. दोन वेळच्या उघडझापीत तो कुठेतरी गेला होता आणि जागी नुसतं कागदी गॅस्केट होतं. १० मिलिमीटरचा तुकडा घातला, लांब स्टड घातले, बोनेट बसतंय ना ते आधी मातीचा गोळा ठेवून तपासलं. फ्लोटची पातळी २ मिलिमीटर वर होती, ती खाली आणली. आता बारा मिनिटांनंतर ५९ अंश. पेट्रोल अजून थोडं तापतंच, त्यामुळे फार उन्हात थोडं थांबून सुरू करताना पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा, असं मालकांना सांगितलं. पेडल पंप करायचं नाही. प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल आत जातं.

म्हणजे पेट्रोल खरंच उकळत होतं. मालक तेवढ्यापुरते बरोबर होते, आणि मला ते त्यांना सांगावं लागलं.

त्या उन्हाळ्यातले उरलेले सात आठवडे गाडी चालली. सर्वांत वाईट दिवस ४१ अंशांचा, दोन तास, त्यातला पाऊण तास गर्दीत. परत आल्यावर कॉइलवरच्या टेपचं तापमान ७१ अंश, हात क्षणभर टेकवता येत होता. वहीत दहावी नोंद झालेली नाही.